कमानीचा कापलेला तुकडा

पनवेल,
२१ सप्टेंबर १९६१

प्रिय सॅमसनदादास, जोकबेदचे शालोम.

घडलं ते क्रमाने लिहिते.

१. तुझं पत्र २८ ऑगस्टला पोचलं. तुझं लग्न ठरलं आहे आणि आईचा कतुबा दाखवल्याशिवाय तिथली धर्मगुरूंची कचेरी ते नोंदत नाही, म्हणून तू तो मागितला आहेस.

२. कतुबा, म्हणजे लग्नात बाबांनी आईच्या हातात दिलेला करारकागद, बाबांच्या लोखंडी पेटीत आहे. पेटीला बाबांनी स्वतः घडवलेलं पितळी कुलूप आहे.

३. किल्ली एकच. बाबा गेल्यापासून, म्हणजे सात वर्षं, ती आईच्या पदराच्या टोकाला गाठ मारून असते.

४. सोमवारी, ११ सप्टेंबरला, नव्याचा सण होता. दुपारी आपली मंडळी पापं पाण्यात सोडायला खाडीवर गेली.

५. प्रार्थना झाल्यावर रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी खिसे आणि पदर पाण्यावर झटकले. आईनेही झटकला.

६. घरी आल्यावर पदराला किल्ली नव्हती.

७. सण संपल्यावर बुधवारी सकाळी मी ओहोटीच्या वेळी जाऊन पाहिलं. चिखल मांडीपर्यंत आहे. किल्ली दोन इंचांची आहे.

८. पेटी बंद आहे.

मी छिन्नीने कडी कापायची म्हटलं. आई म्हणाली, "त्यांच्या हातचं कुलूप आहे. माझ्यादेखत कापायचं नाही." मी म्हटलं, तू बाहेर जा. ती गेली नाही.

बाजारातला कुलुपं दुरुस्त करणारा येऊन गेला. त्याने किल्लीच्या भोकात बराच वेळ पाहिलं आणि "हे ज्याने केलं त्यालाच विचारा" असं सांगितलं. ते शक्य नसल्याने तुला विचारते. बाबांनी कुलूप केलं तेव्हा तू सोळा वर्षांचा होतास आणि त्यांच्या शेजारी उभा असायचास. आत खटके किती आहेत? ते कशाचे आहेत? त्यांना दाबून धरणाऱ्या कमानी जड आहेत की हलक्या? हे कळलं तर कुलूप न मोडता उघडणाऱ्या काड्या मी घरी बनवू शकेन. मी काम करते त्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेत लहान व्हाइस आहे, बारीक कानशी आहेत. त्या तराजू आणि सूक्ष्मदर्शक दुरुस्त करण्यासाठी ठेवलेल्या आहेत, पण मुख्याध्यापकांना विचारून घेतलं आहे. त्यांनी कारण विचारलं. मी "घरगुती" असं सांगितलं.

आईची तब्येत बरी आहे.

तुझी बहीण,
जोकबेद


बीरशेबा,
४ ऑक्टोबर १९६१

प्रिय जोकू,

पत्र वाचून आधी हसलो आणि मग डोकं धरून बसलो. आईची पापं ती काय, की त्यांच्यासोबत किल्लीही द्यावी लागली? पापं म्हणजे शेजारणीला एकदा कमी साखर दिली असेल, एवढीच.

पण गंमत बाजूला. मला तो कागद हवाच आहे. माझं जिच्याशी लग्न ठरलंय, तिच्या आईवडिलांचे कागद रुमानियातून आलेले, ते कचेरीने मान्य केले. माझ्या वेळी साहेब म्हणाले, "तुमच्या आईचं लग्न आपल्या ज्यू रीतीने झालं हे कशावरून?" मी म्हटलं, मी तिथे नव्हतो. त्यांना ते आवडलं नाही. नक्कल चालत नाही, फोटो चालत नाही, मूळ कागद समोर पाहिजे. लग्न १४ मार्चला धरलं आहे. कागद नसेल तर नाही, असं स्पष्ट सांगितलंय.

कुलुपात सहा खटके आहेत. पितळेचे. कमानी बाबांनी स्वतः वळल्या होत्या, बऱ्यापैकी ताठ. सहावा खटका ते उलटा बसवत होते तेव्हा मी विचारलं, असा का? तर म्हणाले, "चोर सरळ विचार करतो." एवढंच मला आठवतं, कारण मग त्यांनी मला चहा आणायला पाठवलं.

तू छत्रीची काडी घे. आमच्या कारखान्यातला एक मोरोक्कोचा फिटर म्हणतो, छत्रीच्या काडीने त्याने बायकोचं कपाट उघडलं होतं. पुढे काय झालं ते तो सांगत नाही.

आणि ऐक. लग्न झालं की मी तुम्हा दोघींचे कागद करायला घेतो. आमच्याकडे मापं तपासायला माणूस हवाच आहे, तुझ्यासारखी डोळ्यात तेल घालून पाहणारी कुठे मिळणार? तुम्ही दोघी किती दिवस तिथे एकट्या बसणार?

आईला शालोम. लवकर उघड.

सॅमसन


पनवेल,
२२ ऑक्टोबर १९६१

प्रिय दादास,

खटक्यांची माहिती उपयोगी आहे. आतापर्यंतच्या साहित्याचा अनुभव लिहिते.

केसांचा आकडा: तार मऊ. पहिला खटका उचलतानाच वाकला. आई म्हणाली, "माझा होता ना तो?" होता.

छत्रीची काडी: तुझ्या फिटरच्या बायकोच्या कपाटाला एकच खटका असावा. काडी लवचीक आहे, पण पत्रा दुमडून केलेली असल्याने टोक कानशीने बारीक केलं की घडी उघडते. तीन काड्या फुकट गेल्या. छत्री आता पावसात उपयोगाची नाही. पाऊस संपला आहे.

सायकलचा स्पोक: ठोकून चपटा केला. ताकद पुरेशी, पण किल्लीच्या भोकात दोन काड्या एकदम जायला हव्यात, एक ताण धरायला आणि एक खटके उचलायला. दोन स्पोक जात नाहीत. बारीक केले की वाकतात.

लोखंड कापायच्या करवतीचं पातं: कडक आहे. फार कडक. तिसऱ्या खटक्यावर टोक तुटून आत राहिलं. खटके पितळेचे असल्याने प्रयोगशाळेतल्या लोहचुंबकाने तुकडा ओढून काढता आला. त्याला दोन दिवस गेले. पातं लाल करून मऊ करता येतं, पण मग पुन्हा पाणी द्यावं, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक करावं लागतं, आणि स्वयंपाकाच्या शेगडीवर एवढ्या बारीक तुकड्याला नेमकं पाणी देता येत नाही. मी दोनदा दिलं. एकदा काचेसारखं झालं, एकदा शिशासारखं.

निष्कर्ष: पातळ, मूळचंच पाणी दिलेलं, वाकून परत सरळ होणारं पोलाद हवं. असं पोलाद घरात एकाच ठिकाणी आहे, भिंतीवरच्या घड्याळात. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "घड्याळाला हात लावायचा नाही. आधीच त्या घड्याळवाल्या काशिरामने त्याची वाट लावलीय."

मी काम करते तेव्हा आई समोर बसून मटार सोलते. काल म्हणाली, "इतकी डोकेफोड कशाला करतेस? नाही उघडत तर नाही उघडत." मी म्हटलं, दादाचं लग्न त्यावर आहे. ती म्हणाली, "माहीत आहे मला." आणि मटार सोललेलेच परत सोलायला लागली.

नोकरीबद्दल नंतर लिहीन.

तू तीन पत्रांत तिच्याबद्दल लिहिलंस. तिच्या आईवडिलांचा देश लिहिलास, तिच्या डोळ्यांचा रंग लिहिलास. तिचं नाव लिहिलं नाहीस. विसरला असलास तर पुढच्या पत्रात लिही.

जोकबेद


बीरशेबा,
९ नोव्हेंबर १९६१

जोकबेद,

रागावू नकोस, पण विचारतो. तू मुंबईच्या तंत्रशाळेतून वर्गात दुसरी आलीस. मी साधा फिटर. तरी मला कळतं की घड्याळाच्या कमानीने ते कुलूप अर्ध्या तासात उघडेल. तुला दोन महिने लागतात आणि तू मला सायकलच्या स्पोकवर निबंध लिहून पाठवतेस.

तुला इथे यायचं नाही, हे मला कळत नाही असं समजू नकोस. नोकरीबद्दल "नंतर लिहीन" म्हणजे काय ते मला लहानपणापासून माहीत आहे. पण म्हणून माझं लग्न कुलुपात ठेवू नकोस. कागद पाठव, मग तू पनवेललाच राहा, मी शब्द काढणार नाही.

आईचं ऐकू नकोस. घड्याळ उघड. तिला नंतर समजावता येईल.

नावाचं नंतर लिहितो.

सॅमसन


पनवेल,
३ डिसेंबर १९६१

प्रिय दादास,

तुझ्या आरोपाचं उत्तर. मला यायचं नाही, हे बरोबर. त्यासाठी मी कुलूप उघडत नाही, हे चूक. दोन गोष्टी एकमेकींना जोडण्याचं कारण नव्हतं.

घड्याळ मी उघडलं. आई प्रार्थनाघरात गेली होती, म्हणजे तिला न विचारता उघडलं. तुला आठवत असेल, आई शुक्रवारी शब्बाथ लागायच्या आधी घड्याळाला चावी देते. आठ दिवस चालायला हवं ते घड्याळ गुरुवारी दुपारी थांबतं. लहानपणी गुरुवारी दुपारपासून शुक्रवारपर्यंत घरात वेळच नसायची. सत्तेचाळीस साली काशिरामने ते साफ केलं आणि त्याने आतलं काही तरी काढून घेतलं, असं आई तेव्हापासून म्हणते. चौदा वर्षं ती त्याच्या दुकानावरून जाताना दुसऱ्या बाजूला बघते.

कमान बाहेर काढली. बाहेरच्या टोकाचा सुमारे दीड फुटांचा तुकडा कापलेला आहे. आईचं म्हणणं इतपत खरं निघालं. पण काप फार स्वच्छ आहे. कडा कानशीने घासून, नवीन टोकाला आकडा नीट वळवून परत बसवला आहे. चोरणारा माणूस इतकं करत नाही. मी नोंद करून ठेवली आणि पुढे गेले.

मी आणखी नऊ इंच कापलं आणि दोन काड्या केल्या. घासताना पाणी उतरू नये म्हणून थोडं थोडं, मध्ये ओल्या फडक्यावर गार करत. दोन्ही चांगल्या झाल्या आहेत. वाकवून सोडल्या की सरळ होतात.

कुलूप उघडलेलं नाही. त्याचं कारण सांगते.

करंजाड्याची मैना आपल्याकडे मासे आणते. तिला आपलं सगळं माहीत आहे, खवल्याचेच मासे दारात उतरवते. परवा ती म्हणाली, "तुजे आयची चावी गवली का?" मी म्हटलं, तुला कसं माहीत? ती सणाच्या दिवशी खाडीच्या चिखलात शिवल्यांचे शिंपले काढत होती. म्हणाली, "मी बगितला ना. तुजे आयनं दातान् गाठ सोरली नं लांब टाकली चावी. मना वाटला तुमचे सनाचा काय असंल. आमी नारल टाकतांव, तुमी चावी टाकतंव."

मी तिला सांगितलं की आपल्यात किल्ली टाकत नाहीत. ती म्हणाली, "मंग तुजे आयनं कना टाकली?"

खरं तर हे मला आधी सुचायला हवं होतं. आईने मारलेली गाठ झटकून सुटत नाही. आपली दोघांची बाळंतवस्त्रं अजून तिच्याच गाठीत बांधलेली आहेत.

माझ्याकडे काड्या आहेत आणि आईने किल्ली मुद्दाम टाकली आहे. ती आतला कागद तुला देऊ इच्छित नाही, किंवा तो मला दिसू नये असं तिला वाटतं. दोन्हींपैकी काय ते कळेपर्यंत मी काडी घालणार नाही. तिचं कुलूप आहे.

तू आईला याबद्दल वेगळं लिहू नकोस. पत्रं मीच वाचून दाखवते, त्यामुळे उपयोग होणार नाही.

जोकबेद


बीरशेबा,
१६ डिसेंबर १९६१

प्रिय जोकू,

मागचं पत्र मी रागात लिहिलं. माफ कर.

हे पत्र आईला जसंच्या तसं वाचून दाखव.

आई, तिचं नाव सारा आहे. तुझंच. तिच्या लोकांत एक समजूत आहे, नवऱ्याच्या आईचं आणि बायकोचं नाव एक असू नये. तिची मावशी अजून त्यावरून डोळे पुसते. आपल्यात असं काही आहे का, मला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची भीती वाटली. वाटलं, तू नाही म्हणालीस तर? म्हणून नाव लिहिलंच नाही.

तू किल्ली का टाकलीस ते मी विचारत नाही. पण सारा रोज विचारते, आईचा कागद आला का? मी सांगतो, पेटीत आहे. ती विचारते, पेटी कुठे आहे? मी सांगतो, पनवेलला. मग ती विचारते, पनवेल कसं आहे? आणि मी बसतो सांगत, खाडी, मिठागरं, गुरुवारी थांबणारं घड्याळ. तिला वाटतं मी थापा मारतो.

कागद नसेल तर लग्न होणार नाही. तिची मावशी तिला दुसरीकडे द्यायला टपून बसली आहे. तू सांगशील ते मी ऐकेन, पण सांग.

तुझा,
सॅमसन


पनवेल,
२८ जानेवारी १९६२

प्रिय दादास,

तुझं पत्र ३१ डिसेंबरला पोचलं. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण पुढे येईल.

पत्र मी जसंच्या तसं वाचलं. आई चपात्या लाटत होती. तुझ्या सारापर्यंत आले तेव्हा लाटणं थांबलं. नंतर म्हणाली, "म्हणजे घरात कुणी हाक मारली की दोघींनी ओ द्यायची." मी म्हटलं, आपल्यात तशी समजूत आहे का? ती म्हणाली, "आपल्यात नाही. बिचाऱ्याने चार महिने पोटात ठेवलं." मग पुढचं वाच म्हणाली. मी वाचलं. तिने सगळ्या चपात्या भाजून घेतल्या, शेगडी विझवली, हात धुतले आणि म्हणाली, "तुझ्या काड्या आण."

मी आधी विचारलं, किल्ली का टाकलीस?

तिने सांगितलं ते असं. तिच्या लग्नात तिच्या आईने तिला बजावलं होतं, हा कागद बाईजवळ असतो. बाई ज्या घरात राहते, त्या घरात तो राहतो. कागद एकीकडे आणि बाई दुसरीकडे, असं करायचं नाही. तुझं पत्र आलं तेव्हा तिने ठरवलं, कागद गेला की तिलाही त्याच्यामागून जावं लागणार. तू तर पुढच्याच पत्रात तिचे कागद करायला निघालास. तिला बाबांना इथे सोडून जायचं नाही. आणि तुला नाही म्हणायचं नाही. "मग काय करू? म्हटलं किल्लीच नसली तर कुणाला काही म्हणावं लागणार नाही. आणि त्या दिवशी सगळं पाण्यात सोडतातच." मी विचारलं, हे पापांत धरायचं का? ती म्हणाली, "पुढच्या वर्षी सोडीन."

कुलूप उघडायला अकरा मिनिटं लागली. सहावा खटका खरोखर उलटा आहे. पाच वर जातात, तो खाली जातो. हे तू लिहिलं नसतंस तर मी मार्चपर्यंत बसले असते.

आतलं सामान: कतुबा, पितळी नळीत, उत्तम स्थितीत. बाबांची दाढीची पेटी. तुझी शाळेची प्रगतिपुस्तकं (ती मी पाहिली नाहीत. आईने पाहिली). आणि मेणकापडात गुंडाळलेल्या चार पोलादी काड्या, सोबत बाबांच्या अक्षरात चिठ्ठी: "भिंतीवरच्या घड्याळाच्या कमानीपासून केल्या. बाकी सर्व साहित्य कुचकामी. किल्ली हरवल्यास क्र. २ व क्र. ३ वापरणे. सहावा खटका खाली."

चिठ्ठीवर तारीख आहे, मे १९४७. छत्रीची काडी, स्पोक आणि पातं त्यांनीही करून पाहिलं होतं. खाली ओळीने लिहून काट मारली आहे. केसांचा आकडा त्या यादीत नाही. तो त्यांना आईकडून मागता आला नसावा.

मी त्यांची क्र. २ माझ्या काडीशेजारी ठेवली. टोकाचा कोन थोडा वेगळा आहे. त्यांचा जास्त बरा आहे.

कुलूप उघडण्याच्या काड्या त्यांनी त्याच कुलुपाच्या आत का ठेवल्या, याचा मी बराच विचार केला. बहुधा सुरक्षित राहाव्यात म्हणून.

आई चिठ्ठी हातात घेऊन बसली. ती बाबांबद्दल काही म्हणेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "चौदा वर्षं मी त्या काशिरामला चोर समजले." दुसऱ्या दिवशी तिने गव्हाचा चीक काढून, नारळाचं दूध घालून हलवा केला, जो आपण फक्त नव्याच्या सणाला करतो, आणि स्वतः त्याच्या दुकानात घेऊन गेली. काशिराम म्हणाला, "आज काय आहे तुमच्यात, वहिनी?" आई म्हणाली, "काही नाही. घड्याळ बरं आहे." त्याला काही कळलं नाही. हलवा त्याने खाल्ला.

आता मुद्द्याचं.

आई येत आहे. राहायला नाही. कतुबा घेऊन येते, कचेरीत दाखवते, तुझं लग्न पाहते आणि कतुबा घेऊन परत येते. कागद तिच्याजवळ असेल आणि ती कागदाजवळ असेल, म्हणजे तिच्या आईचं म्हणणंही मोडत नाही. हे तिने स्वतः शोधून काढलं. मला आणि तुला चार महिन्यांत सुचलं नाही. आपण दोघं कुलुपाकडे पाहत होतो.

पासपोर्टचा अर्ज २ जानेवारीला दिला. तो येईल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून तुला आधी लिहिलं नाही. २३ तारखेला आला. फोटोत ती फार कडक दिसते. तिला तो आवडला आहे.

मी येत नाही. आई नसताना घड्याळाला चावी कोण देणार, हे एक कारण आहे. मी कापलेल्या नऊ इंचांमुळे ते आता बुधवारीच थांबतं. दुसरं असं की पुढच्या वर्षी शाळेची प्रयोगशाळा माझ्याकडे येत आहे. बाकीची कारणं तू विचारू नयेस. तू शब्द दिला आहेस.

कुलूप पुन्हा लावलं आहे. नवी किल्ली मी करणार नाही. बाबांच्या चार आणि माझ्या दोन काड्या घड्याळाच्या पेटीत, लंबकाच्या मागे ठेवल्या आहेत. लोखंडी पेटीच्या बाहेर. आईला जागा माहीत आहे, आता तुलाही.

विमानाची जागा ३ मार्चपर्यंत पक्की करावी लागेल. त्याआधी तुझ्याकडून दोन गोष्टी लेखी हव्या आहेत. एक, कचेरीतले साहेब कागद ठेवून घेणार नाहीत. त्यांनी तो आईच्या हातातच वाचायचा आहे. दोन, परतीच्या दिवशी तू किंवा तुझी सारा तिला आणखी थोडं राहा म्हणून आग्रह करणार नाही. पहिली गोष्ट तू साहेबांकडून लिहून घे. दुसरी तुम्ही दोघांनी सही करून पाठवा.

उत्तर १ मार्चपर्यंत पोचावं.

तुझी बहीण,
जोकबेद